वादळ येऊन गेल्यावरचे जंगल

३१ ऑगस्ट २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, ताडवाई आणि मेडारमच्या दरम्यान, सुमारे ५० हजार झाडे थोड्या वेळात आडवी झाली. हे जंगल एटुरनागारम अभयारण्याच्या परिसरातले. २०० हेक्टरांहून अधिक पट्ट्यात झाडे मुळासकट उपटली गेली किंवा अर्ध्यातून मोडली. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला हा मुलूख परका नाही. सिरोंचा-अहेरीकडचे भाविक दर दोन वर्षांनी सम्मक्का-सारलम्माच्या जत्रेला मेडारमलाच जातात, आणि गोदावरीच्या दोन्ही तीरांवरचे सागाचे जंगल एकाच जातकुळीचे आहे. वारा वस्तीबाहेरून गेला म्हणून मनुष्यहानीची मोठी बातमी झाली नाही. पण संरक्षित जंगलावर वादळ कोसळले तर काय करायचे, हा प्रश्न फक्त किनाऱ्याचा नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

चक्रीवादळाची सारी ताकद उबदार समुद्रातून उठणाऱ्या बाष्पात असते. जमिनीवर आले की ही रसद तुटते आणि वाऱ्याचा वेग उतरू लागतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ताशी ६३ किलोमीटरच्या वर वारा असेल तर चक्रीवादळ, त्याखाली कमी दाबाचे तीव्र क्षेत्र, आणि ताशी २२१ किलोमीटरच्या पुढे महाचक्रीवादळ. बंगालच्या उपसागराचा किनारा चंद्रपूरपासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढे अंतर कापून येईपर्यंत वादळाचा दम बहुतेक संपलेला असतो, पाऊस मात्र शिल्लक असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आले आणि त्याचा उरलासुरला भाग तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडून थेट अरबी समुद्रात उतरला. तिथे त्याला पुन्हा बळ मिळाले आणि 'शाहीन' या नावाने ते ओमानपर्यंत गेले. पूर्व विदर्भाच्या जंगलांना चक्रीवादळाचा असा फटका पुराच्या रूपाने बसतो. भामरागडला पर्लकोटा नदी फुगते, पूल पाण्याखाली जातो आणि तालुका जगापासून तुटतो. हे तर चक्रीवादळ नसतानाही जवळपास दर पावसाळ्यात घडते.

वाऱ्याचा फटका निराळ्या वाटेने येतो. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वरही जातो, दुपारनंतर ढग चढतात आणि वळवाच्या पावसाआधी सोसाट्याचा वारा सुटतो. अशा गडगडाटी ढगात पाऊस आणि गारा पडताना भोवतालची हवा थंड व जड होते. ती एकदम खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चारी दिशांना पसरते. या झोताचा वेग काही मिनिटे चक्रीवादळाइतका होऊ शकतो, पण मार काही चौरस किलोमीटरपुरताच राहतो. त्यामुळे एका नाल्याच्या अलीकडचे जंगल भुईसपाट आणि पलीकडे पानही हललेले नाही, असे चित्र दिसते. पडलेल्या झाडांचे शेंडे कोणत्या दिशेला आहेत हे पाहून वाऱ्याचा प्रकार ओळखता येतो. खाली कोसळलेल्या झोतात शेंडे एका केंद्रापासून बाहेर पसरलेले दिसतात. फिरत्या वाऱ्यात ते एकमेकांकडे वळलेले, गुंतलेले असतात. वादळानंतरच्या पहिल्या दिवसांत ड्रोनने छायाचित्रे काढून ठेवणे यासाठी उपयोगाचे, कारण वाटा मोकळ्या करायला कुऱ्हाड लागली की हा पुरावा उरत नाही.

कोणते झाड पडते आणि कोणते टिकते, याचेही गणित आहे. पावसाने भिजलेल्या जमिनीत मुळांची पकड सैल होते. एटुरनागारमचे वादळ ऑगस्टअखेरीस, सततच्या पावसात आले होते. मुरमाड उतारावर मुळे खोल जात नाहीत, म्हणून तिथला उंच साग उन्मळतो. सालई, काटेसावर यांचे लाकूड हलके, ती मोडतात. बांबू वाकतो, घासतो, पण एकेक काठी तुटली तरी बेट जगते. मात्र फुलोरा येऊन गेलेल्या बांबूची गोष्ट वेगळी. कित्येक दशकांतून एकदा फुलल्यावर अख्खी बेटे वाळतात आणि साध्या वाऱ्यानेही झोपतात. पोकळ झालेले जुने मोह, अर्जुन, ऐन हे वाऱ्याचे पहिले बळी ठरतात, आणि घुबडे, धनेश, उडत्या खारी यांची घरे नेमकी याच झाडांत असतात.

वादळाची तयारी म्हटले की डोळ्यांसमोर धावपळ येते. संरक्षित जंगलात ती फार रटाळ असते आणि रटाळ असते तेवढीच कामाची ठरते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण घेता येईल. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून साधारण ६२५ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र, आणि त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला व्याघ्र संवर्धन आराखडा बंधनकारक केला. पण रान सांभाळणाऱ्यांसाठी आराखड्याची खरी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात असते. कच्चे रस्ते बंद होण्याआधी आतल्या संरक्षण कुट्यांवर तांदूळ, डाळ, तेल, औषधे आणि सर्पदंशाच्या प्रसंगी माणूस बाहेर कसा काढायचा याची व्यवस्था पोहोचलेली असावी लागते. रपटे आणि मोऱ्या साफ केल्या जातात. कुटीवर कलंडू शकेल असे वाळके झाड आधीच उतरवले जाते. वायरलेसचा मनोरा, त्याची बॅटरी आणि सौर पट्टी तपासली जाते, कारण आतल्या भागात मोबाइल एरवीही भरवशाचा नसतो आणि वादळात तर पहिला तोच जातो. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटनाला बंद असते. तेव्हा आत राहतात ते वनरक्षक, वनमजूर आणि विशेष व्याघ्र संरक्षण दलाचे जवान. पायी गस्त या महिन्यांत वाढते.

पूर्वसूचनेची साधने गेल्या काही वर्षांत सुधारली आहेत. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे जिल्हा प्रशासनामार्फत खाली येतात. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आहे. आपल्या भोवतालच्या परिसरात वीज पडण्याचा धोका असल्याचे ते थोडा वेळ आधी सांगते. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसाला या सूचनेची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमकी त्याच्याच हातात ती पोहोचत नाही. चक्रीवादळाची सूचना तीन-चार दिवस आधी मिळते. वळवाच्या झोताची सूचना तास-दीड तासाची, आणि तीही जिल्ह्यापुरती. कोणत्या कक्षात तो कोसळेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून इथली तयारी इशाऱ्यावर अवलंबून न राहता हंगामावर बांधलेली असावी लागते.

प्राण्यांचे काय? त्यांना हलवता येत नाही, आणि बहुतेक वेळा हलवायची गरजही नसते. मोठे सस्तन प्राणी दाट झाडी सोडून उघड्यावर किंवा उंचवट्यावर येतात. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ऊना-दीवच्या पट्ट्यात आदळले तेव्हा गुजरातच्या वनविभागाने किनाऱ्यालगतच्या सिंहांवर पाळत ठेवून त्यांना आतल्या बाजूला वळवले. सिंह वाचले, गीरमधली झाडे मात्र मोठ्या संख्येने पडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'दाना' चक्रीवादळ ओडिशात थेट भितरकनिकाच्या हाबलीखाटीजवळच जमिनीवर आले. पर्यटन आधीच थांबवले होते, आणि वाऱ्याचा पहिला तडाखा खारफुटीने अंगावर घेतला. महाराष्ट्रात ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाची वाट श्रीवर्धन-मुरूडवरून, म्हणजे फणसाड अभयारण्याच्या परिसरातून गेली. नारळी-पोफळीच्या बागांच्या नुकसानीवर तेव्हा भरपूर लिहिले गेले. अभयारण्याच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या.

खरा धोका संख्येने थोड्या आणि एकाच जागी गोळा झालेल्या जीवांना असतो. पोर्तोरिको बेटावरच्या एल युंके अरण्यात तिथल्या दुर्मीळ पोपटाचा रानटी थवा होता. सप्टेंबर २०१७ मध्ये 'मारिया' हरिकेन आले आणि तो थवा जवळजवळ नामशेष झाला. जात वाचली ती पिंजऱ्यांतल्या प्रजनन केंद्रांमुळे आणि बेटाच्या दुसऱ्या भागात आधीच सोडलेल्या पक्ष्यांमुळे. गडचिरोलीत सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्काला रानम्हशींचा छोटा कळप आहे. महाराष्ट्रात रानम्हशी दुसरीकडे कुठेच नाहीत. २०१३ मध्ये हे क्षेत्र संवर्धन राखीव झाले. पूर, रोग किंवा वादळ, एकाच तडाख्यात सारे जाण्याची भीती तिथे पोर्तोरिकोइतकीच खरी आहे. वाघांच्या बाबतीत ताडोबा-ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी २०२३ पासून नवेगाव-नागझिऱ्याला आणि २०२४ मध्ये ताडोबाच्या दोन वाघिणी ओडिशाच्या सिमिलीपालला नेण्यात आल्या. त्यामागचे कारण वादळ नव्हते. तरीही घरे अनेक असण्याचा फायदा आपत्तीतच कळतो.

वादळ ओसरल्यावर पहिले काम माणसांची मोजदाद. प्रत्येक कुटीवरून वायरलेसवर उत्तर आले का? मग मुख्य वाटा मोकळ्या करणे. इथे ताणाखाली अडकलेले लाकूड कापताना माणसे जखमी होतात. वाकून दबलेली फांदी करवत लागताच उसळते. तिसरी गोष्ट विजेची. तुटून लोंबणारी तार जंगलात माणसाइतकीच जनावरालाही मारते.

या बाबतीत ऊर्जानगरचा परिसर नमुनेदार आहे. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. पाणी इरई धरणाचे, आणि धरणाच्या वरच्या अंगाला मोहर्ली, म्हणजे ताडोबाचे दार. वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या झुडपांवरून, बफरच्या कडेने जातात. केंद्राच्या आवारातल्या झाडोऱ्यात वाघ, बिबटे, अस्वले वावरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये इथे लागोपाठच्या दिवसांत वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आणि त्यानंतर झुडपे तोडण्याची मोहीम निघाली. अशा ठिकाणी वादळाने वीज गेली की रस्ते अंधारात बुडतात, पडझडीने कुंपणे उघडी पडतात आणि दुरुस्तीला निघालेला कामगार रात्री पायी चालत असतो. वन्यप्राणी आणि माणूस यांच्या वाटा तेव्हाच एकमेकांना छेदतात. इथे आपत्तीचा आराखडा वनविभागाचा वेगळा आणि वीज केंद्राचा वेगळा ठेवून भागणार नाही.

आता पडलेल्या लाकडाचा प्रश्न. वादळानंतरचा सगळ्यात मोठा वाद इथेच होतो. प्रादेशिक वनविभागात पडलेला साग मोजतात, त्यावर हातोड्याचा शिक्का मारतात, तो आगारात जातो आणि लिलावात विकला जातो. बल्लारपूरच्या आगाराचा साग देशभर नावाजलेला आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात हे चालत नाही. १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित क्षेत्रांतून मेलेली, मरणपंथाला लागलेली, वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेले लाकूड, इतकेच काय गवतही बाहेर काढण्यास मनाई केली. वन्यजीव संरक्षण कायद्याचीही दिशा तीच आहे: काही काढायचे असेल तर ते वन्यजीवांच्या भल्यासाठीच. लाखो रुपयांचा साग सडू देणे हा अनेकांना वेडेपणा वाटतो. गावात घराला दांडे मिळत नाहीत आणि समोर ओंडके कुजतात, हा राग खोटा नाही. तरीही न्यायालयाची भूमिका योग्य आहे. पडलेल्या लाकडाला किंमत आली की पुढच्या वर्षी वादळाशिवायही झाडे 'पडू' लागतात. लाकूड ओढायला ट्रॅक्टर गेला की वाट तयार होते, आणि ती वाट पुन्हा बुजत नाही.

शिवाय सडणारे लाकूड वाया जात नाही. त्यात वाळवी आणि भुंग्यांच्या अळ्या होतात, त्यांवर अस्वल, सुतारपक्षी, घोरपड जगतात. उन्मळलेल्या मुळाखालचा खड्डा पावसाळ्यात पाणी धरतो आणि बाजूच्या मातीच्या ढिगावर बिया आधी रुजतात. आडव्या पडलेल्या फांद्यांच्या जंजाळात चितळ-गुरांचे तोंड पोहोचत नाही, म्हणून तिथली रोपटी वाचतात. उरलेल्या सागाच्या बुडख्याला धुमारे फुटतात. माणसाने काही न करता केवळ वाट पाहिली तर या पट्ट्यात पहिल्या वर्षी गवत आणि काही वर्षांत बांबू उभा राहतो. जंगल पुरते भरून यायला मात्र एक पिढी पुरत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत घाईने एकाच जातीची रोपे लावून 'वनीकरण' उरकणे हा सर्वांत महागडा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे.

वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे मात्र नव्हे. दोन शत्रूंवर नजर ठेवावी लागते. पहिला घाणेरी. छत उघडले, ऊन जमिनीवर आले की रायमुनिया म्हणजेच घाणेरी आणि रानतुळस सगळ्यांच्या आधी जागा बळकावतात. एकदा झुडूप माजले की गवत येत नाही, गवत नाही तर चितळ-सांबर नाहीत. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत, मुळे अजून कोवळी असताना, ती उपटली तर खर्च थोडक्यात आटपतो.

दुसरा शत्रू आग, आणि पूर्व विदर्भात तीच खरी आपत्ती. ऑगस्टमध्ये पडलेले झाड फेब्रुवारीत सरपण झालेले असते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. मोहफुले वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवणे, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावणे, विडीचे थोटूक, अशा कारणांनी बहुतेक वणवे लागतात. इथल्या जंगलात आपोआप लागलेली आग विरळाच. एरवीचा वणवा जमिनीवरचा पाचोळा खाऊन पुढे सरकतो आणि मोठा साग त्यातून वाचतो. पण जिथे ओंडके-फांद्यांचा ढीग आहे तिथे आग दिवसेंदिवस धुमसते, मातीतले बी भाजते आणि वादळातून उभी राहिलेली झाडेही बुडातून जळतात. जंगल वादळ सोसते. वादळ आणि लगेच आग, ही जोडी त्याला सोसत नाही.

म्हणून वादळाने झोडपलेल्या पट्ट्याभोवतीच्या जाळरेषा त्या वर्षी रुंद करून वेळेत जाळून घेणे, रेषेवर आडव्या पडलेल्या झाडांचे तुकडे करून जंगलाच्या आत सारणे आणि ब्लोअरने पाचोळा दूर करणे, या कामांना पहिला पैसा मिळायला हवा. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीचे ठिकाण हेरून वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवते. त्यातल्या नव्या उपग्रह-यंत्रणेला पावणेचारशे मीटरपर्यंतचा तुकडा ओळखता येतो. उपग्रह आग दाखवतो. विझवायला हिरव्या फांदीचा झाडू घेतलेला माणूसच लागतो. गडचिरोलीत ज्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूचा व्यवहार हाती घेतला, तिथे जंगल जळले तर आपलेच पान जळते हा हिशेब सरळ आहे. २००९ मध्ये असा हक्क मिळवणारे धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. अभयारण्याबाहेर वादळाने पडलेल्या मोहाच्या झाडाचे मोलही अशा गावांनाच नीट कळते. मोह फुलायला दहाएक वर्षे लागतात, आणि नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात घराच्या कौलांना जागा असते तशी घरातल्या मोहाच्या उत्पन्नाला क्वचितच असते.

क्वचित प्रसंगी माणसाने हात घालावाही लागतो. १९८९ मध्ये 'ह्यूगो' हरिकेनने अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातले फ्रान्सिस मॅरियन अरण्य झोडपले. जिवंत जुन्या पाइन वृक्षात वर्षानुवर्षे खपून ढोली कोरणारा एक दुर्मीळ सुतारपक्षी तिथे होता. त्याची ८७ टक्के ढोलीची झाडे आणि ६३ टक्के पक्षी एका रात्रीत गेले. वनअधिकाऱ्यांनी उभ्या उरलेल्या झाडांत लाकडी पेट्या बसवून तयार ढोल्या दिल्या, आणि पक्षी पुढच्या काही वर्षांत सावरले. गडचिरोलीत पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, वळवाचे वारे सुरू होतात तेव्हा, पिल्लू अजून घरट्यात किंवा नुकतेच उडायला शिकलेले असते. घरट्याचे झाड पडले तर त्या जोडीचे वर्ष गेले. अशा झाडांची नोंद वादळापूर्वीच असेल तर वादळानंतर कुठे आधी धावायचे हे ठरवता येते.

गावातल्या चिंचेवरची बगळ्यांची पिल्ले वादळाने खाली पडतात, हरणाची पाडसे शेतात भरकटतात, अंधारात बिबट्या गोठ्यात शिरतो. असा प्राणी दिसला तर पिल्लू उचलून घरी नेऊ नये, गर्दी जमवू नये, चित्रफीत काढत जवळ जाऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पथक येईपर्यंत कुत्री व माणसे लांब ठेवावीत.